बदामच्या राणीवरची सही

चहा देऊन प्रतिक्षा खुर्चीवर बसली, तसं मुलाच्या मामांनी विचारलं, "काय काय येतं तुला?"

"पत्त्यांची जादू," ती म्हणाली आणि कपाटातून कॅट घेऊन आली. तिच्या वडिलांचा, आण्णांचा, चेहरा पडला. हे स्थळ त्यांना हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

तिनं बदामची राणी मुलापुढं धरली. "हिच्यावर सही करा."

विजयसिंहनं पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

"नवरदेव घाबरला," मामा म्हणाले. सगळे हसले.

सही केलेली राणी कॅटमध्ये घालून तिनं पत्ते पिसले, मग एकेक करून सगळे उघडे मांडले. राणी नव्हती. आण्णा तिच्याकडं डोळे वटारून बघत होते.

"मामा, तुमच्या पुढ्यातला पानाचा डबा उघडा."

सुपारीखाली राणी होती, सहीसकट. टाळ्या पडल्या. "पोरगी लय हुशार हाय," म्हणत अंथुर्ण्याचे पाहुणे गाडीत बसले.

गाडी वळल्यावर प्रतिक्षानं ती राणी आण्णांच्या हातात दिली. "चहा देताना दारूचा वास आला, म्हणून सही मागितली. ही वाकडीतिकडी सही बघा, सकाळीच हात कसा कापतोय. मला हितं लग्न करायचं न्हाय."

"अगं, कधीतरी घेत असंल. लग्न झालं की सुटतंय."

कप गोळा करणारी आई थांबली.

"तुमी मला बघायला आला हुता, तवा आमचे आबा बी हेच म्हणाले हुते."