पायरीजवळचा मुलगा

आपले आणि परक्याचे अपत्य एकाच क्षणी बुडत असता ज्याचा हात परक्याच्या अपत्याकडे जातो, त्याला वंदन करावे की त्याचा धिक्कार, या प्रश्नावर हिंदी मुलखातल्या तात्यापारा वस्तीतील मराठी घरे दुभंगली होती.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीआधी मुले आपले लाकडी नंदी धुण्यास तळ्यावर गेली. श्यामरावांचा वेदांत आणि शेजारच्या भार्गवचा लोकेश शेवाळावरून घसरले. आरडाओरडा ऐकून श्यामराव धावले. त्यांनी लोकेशला खोल पाण्यातून ओढून आणले. वेदांतचा देह नंतर तळ्याच्या शेवटच्या पायरीशी सापडला.

भार्गव महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असे. नीती म्हणजे वंश टिकवण्याची खोड, ती चिमणीलाही असते, असे तो वर्षानुवर्षे म्हणत आला होता. मंदिरात प्रवचन करणारे श्यामराव त्याला नास्तिक पशू म्हणत. दोन्ही घरांत बोलणे उरले नव्हते. मुलांनी मात्र ते वैर कधी मानले नाही.

महिन्याभराने वस्तीतल्या मंडळाने श्यामरावांचा सत्कार ठरवला. ते नको म्हणत राहिले. लोकांना तो विनय वाटला. तरी सत्कार झालाच, आणि भार्गवने भर सभेत त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि आपण आजवर चुकीचे शिकवले, अशी कबुली दिली. श्यामरावांनी पाय मागे घेतले.

तेवढ्यात त्यांची पत्नी चित्रा मागच्या रांगेतून उठली. वेदांत गेला त्या दिवसापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. माहेरी नागपूरला जाण्यासाठी भरलेली पिशवी तिच्या पायाशी होती.

"तुमच्या पोथ्यांनी माझा पोट्टा खाल्ला," ती म्हणाली. "तो पायरीजवळ होता. हात लांबवला असता तर लागला असता. त्याले टाकून दुसऱ्याचा आणाले गेले. देव व्हायचं होतं तुम्हाले?"

"दीदी, बैठ जाइए," कुणीतरी म्हणाले. तिने त्याच्याकडे असे पाहिले की तोच खाली बसला.

"काहून टाकलं त्याले, एवढं सांगा. मग जाते मी."

श्यामरावांनी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. त्यांनी एकदा भार्गवकडे पाहिले. मग पत्नीकडे वळले.

"सकाळी वेदांतले मी केशरी फेटा बांधला होता. लोकेशले त्याच्या बापानं हिरवा. गढूळ पाण्यात तोंडं दिसत नव्हती, फेटेच दिसत होते. पायरीजवळ हिरवा होता. मी त्याले ओलांडून केशरी फेट्याकडे गेलो. पोट्ट्यांनी आपसात फेटे बदलले होते, चित्रा."

त्या मातेला शांती मिळो. आणि बापाचा हात धरून हे ऐकत उभ्या असलेल्या लोकेशला उदंड आयुष्य लाभो.