टोपल्यातली भाकरी

वाढप्याने टम्म फुगलेली भाकरी राहीबाईंच्या ताटात टाकली, तशी त्यांनी ती लगेच मुलाच्या ताटात सरकवली. नाथाजीने ती परत केली.

"तू खा, आई. निकाल तुला द्यायचाय."

कोरेगावच्या त्या खाणावळीत, पडद्याआडच्या टेबलाशी, एका जुन्या वादाचा निकाल लागायचा होता. नाथाजी एकाहत्तरच्या लढाईनंतर हवालदार म्हणून पेन्शनीवर घरी आला होता. छावणीच्या गावांत माणसे घरच्या बायकांना घेऊन बाहेर जेवायला जातात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, हे त्याने पाहिले होते. महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी सर्वांनी खाणावळीत जेवावे, तेवढीच घरच्या चुलीला सुट्टी, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या आईचे म्हणणे त्याहून थोडक्यात होते.

"ज्याच्या घरात मयत झालं, त्येची चूल बंद असती. आपल्यात कोन मेलंय?"

यावर लष्करात काही शिकवलेले नव्हते.

नाथाजीची बायको बनुबाई या वादात एक शब्दही बोलली नव्हती. मात्र धुराने तिचे डोळे हल्ली कायम लाल असत, आणि आज सकाळी तिने जत्रेसाठी जपून ठेवलेले लुगडे नेसले होते. तिचे मत काय होते, याला एवढा पुरावा पुरेसा होता.

शेवटी तोड निघाली. एकदा जाऊन पाहायचे. खाणावळीची भाकरी राहीबाईंच्या पसंतीस उतरली, तर दर महिन्याला जायचे. नाही उतरली, तर विषय पुन्हा काढायचा नाही. ही अट मान्य करताना नाथाजीने सैनिकाला न शोभणारी चूक केली. लढाईची जागा त्याने समोरच्याला निवडू दिली. राहीबाईंच्या भाकरीचे भावकीत नाव होते. जत्रेचे पाहुणे मटण विसरत. भाकरी विसरत नसत.

राहीबाईंनी पापुद्रा फोडला. वाफ निघाली. त्यांनी घास तोंडात घातला आणि लगेच तोंड उघडून श्वास घेतला. जीभ पोळली होती. तापल्या तव्यावर ज्या बाईची बोटे बिनदिक्कत फिरत, तिची जीभ पोळावी, ही खरे तर विचार करण्याजोगी गोष्ट होती. तो त्या वेळी कोणी केला नाही.

इतक्यात नाथाजीचीही भाकरी आली. पहिल्याच घासाला त्याचा धीर खचला. पीठ हायब्रीड ज्वारीचे होते आणि शिळे होते. भाकरीच्या कडा चिरल्या होत्या, मधला भाग कच्चट राहिला होता. दावा हरल्यातच जमा होता. विचारायचे म्हणून त्याने विचारले.

"कशी हाय?"

राहीबाईंनी दुसरा घास संपवला. "लय चांगली हाय. माझ्या भाकरीपरास चांगली."

"थट्टा करू नगंस, आई. तुझ्या भाकरीची सर हिला जल्मात यायची न्हाई."

"तू खाल्लीस ती तव्यावरची," राहीबाई म्हणाल्या. "मी खाल्ली ती टोपल्यातली."

दोघांचेही निरीक्षण बिनचूक होते. घरी आधी पुरुष बसत, मग मुले. बायकांची पाळी येईपर्यंत टोपल्यातली भाकरी गार आणि वातड झालेली असे. पाहुणे जी वाखाणत, ती भाकरी राहीबाईंनी आजवर कधी चाखलेलीच नव्हती. ती स्तुती त्या पाहुण्यांचा भिडस्तपणा समजत आल्या होत्या.

त्यांनी सुनेकडे पाहिले. बनुबाई मान खाली घालून जेवत होती. कालवणाच्या वाटीला तिचा हात अजून लागला नव्हता. ती नुसती भाकरीच खात होती.

"मग? दर म्हैन्याला यायचं न्हवं?" नाथाजीने विचारले.

"घरी गेल्यावर सांगती," राहीबाई म्हणाल्या, आणि सुनेवरची नजर त्यांनी बराच वेळ काढली नाही.

संध्याकाळी चुलीपुढे बसू लागलेल्या बनुबाईला त्यांनी उठवले आणि स्वतः पीठ मळायची काटवट ओढून घेतली. घरच्या शाळू ज्वारीचे ताजे पीठ होते. पहिली भाकरी निखाऱ्यासमोर उभी राहिली आणि चेंडूसारखी फुगली. नाथाजीने सवयीने ताट पुढे केले. भाकरी त्याच्या ताटावरून पुढे गेली आणि बनुबाईसमोर ठेवलेल्या ताटात पडली.

बनुबाईने नवऱ्याकडे पाहिले. नाथाजीने आपल्या रिकाम्या ताटाकडे पाहिले. दिवसभरातल्या गोष्टींची संगती त्याच्या मनात लागायला थोडा वेळ गेला.

"खा की," तो म्हणाला. "थंड हुईल."

तिने एक घास खाल्ला, मग दुसरा. आता तुलना न्याय्य होती. दुपारची भाकरी गरम, ही गरम, आणि खाणारी तीच.

"आत्याबाई," ती म्हणाली, "खानावळीतली हिच्याम्होरं कायच न्हवती."

नाथाजीने मान हलवली. त्याच्या बाजूच्या एकमेव साक्षीदाराने दावा बुडवला होता. बनुबाईच्याही ते ध्यानात आले, आणि तिने हातातला घास तसाच धरून ठेवला.

राहीबाईंनी पुढची भाकरी मुलाच्या ताटात टाकली, त्यापुढची नातवंडांना, आणि शेवटी स्वतःची टोपल्यात.

"न्हवतीच," त्या म्हणाल्या. "पर म्हैन्याला जायाचंच. तितं दोघींस्नी बी गरम मिळती."