पडवीतलं ताट

मूल न होण्याच्या गोळ्यांचं पाकीट घरात सापडलं असतं, म्हणून सुवर्णानं सायखेड्याच्या दवाखान्यात तीन महिन्यांचं इंजेक्शन चोरून घेतलं. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. “पाळी थांबेल, घाबरू नका,” नर्सताईंनी बजावलं होतं. पण या घरात पाळीच्या बाईनं पडवीत बाजूला बसायचं, वेगळ्या ताटात जेवायचं. पाळी थांबली की ते ताट पडून राहिलेलं सगळ्यांना दिसेल, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. महिना उलटला तशी सासूनं हरखून ते ताट घासलं आणि माळ्यावर टाकलं. “आता नऊ महिने याचं काम नाय. यंदा नातूच व्हणार!” संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. घाबरलेली सुवर्णा सकाळी ताट खाली काढून, पाळी आल्याचं खोटंच सांगून पडवीत जाऊन बसली. सासू धावतच आली. “गेलं गं पोरी, पोटातलं गेलं!” आणि लग्नानंतर पहिल्यांदाच विटाळबिटाळ विसरून तिनं रडत सुवर्णाचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.