एकदा ठोकलं की उघडा

त्या जुन्या शिडाच्या बोटीत गरम पाण्याची टाकी झोपायच्या फळीखाली कोंबलेली होती, जिथे माणसाला धड बसताही येत नव्हतं. बोट बांधणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत प्लंबर पोटावर सरपटत आत घुसला. पाइपात हवा अडकली होती. ती काढायची तर पलीकडच्या बाथरूममधला नळ कुणीतरी उघड-बंद करायला हवा होता.

"काकू, पंपाच्या आवाजात हाक ऐकू येणार नाही," तो मालकिणीला म्हणाला. "मी भिंतीवर एकदा ठोकलं की उघडा, दोनदा ठोकलं की बंद करा."

"बरं बाबा," म्हणत काकू गेल्या.

त्याने एकदा ठोकलं. नळ फुरफुरला, मग पाणी धो धो वाहू लागलं. दोनदा ठोकताच थांबलं. काकू भलत्याच चपळ निघाल्या. पुढे पुढे तर त्याने हात उचलायचा अवकाश, की नळ सुटायचा.

काम संपलं. पंप बंद करून, घाम पुसत तो बाहेर आला. "झालं बरं का, काकू!"

काकू धापा टाकत धक्क्यावरून बोटीत उतरत होत्या.

"झालं कसं? बाथरूमला तर कुलूप आहे. किल्ली गाडीत राहिली होती, तीच आणायला गेले होते."

त्याने वळून पाहिलं. कडीला कुलूप लटकत होतं आणि दाराखालच्या फटीतून वाफ येत होती.

काकूंनी किल्ली पुढे केली.

तेवढ्यात आतून कुणीतरी दारावर ठोकलं.

एकदाच.