हासिंताची ताटं

मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात हासिंताच्या निळ्या नक्षीच्या ताटांना तोड नव्हती. नवरा वारला आणि स्पेनहून आलेले कुंभारसंघाचे प्रमुख तिच्या कारखान्यात शिरले. त्यांनी एक ताट उचलून निरखलं आणि आपटून फोडलं.

“शी! बाईचा हात लगेच कळतो. मालक पुरुष आण, नाहीतर कुलूप लाव.”

महिन्याभरात हासिंताने मेल्चोरशी लग्न केलं. तो दिवसभर पिऊन पडलेला असायचा, मातीला त्याने कधी बोटही लावलं नव्हतं. प्रमुख पुन्हा आले तेव्हा तिने त्या फोडलेल्या ताटाबरोबरच भाजलेली उरलेली ताटं त्यांच्यापुढे ठेवली.

“वा! बघ, पुरुषाचा हात लागला की कसा फरक पडतो!” म्हणत त्यांनी मेल्चोरला मिठी मारली. मेल्चोर त्यांच्या अंगावर भडाभडा ओकला.



प्रमुखांनी स्वतःच्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं. “चालायचंच. कलावंत माणूस आहे!”