आकडा खाली येईपर्यंत

"अँटीबॉडीजचा आकडा आणखी वाढलाय," डॉक्टर रिपोर्ट टेबलावर ठेवत म्हणाल्या. "मुलीच्या पोटात कुठून तरी गहू जातोय."

मुलीच्या आईने शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. आईला तेवढं पुरे होतं. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून अकरा वर्षं काढलेली बाई. फुकटा प्रवासी तिला चेहऱ्यावरूनच कळायचा.

डॉक्टरांनी सिलिॲक म्हणजे काय ते पुन्हा समजावलं. गव्हातलं ग्लुटेन आतड्यात पोचलं, की शरीराचे पहारेकरी त्याला शत्रू समजून पिसाळतात आणि त्या भरात स्वतःच्याच आतड्याच्या अस्तराचा फडशा पाडतात. चिमूटभर पीठही पुरतं. नऊ वर्षांच्या पोरीचं वजन सहा वर्षांच्या मुलीएवढं होतं, ते काही उगाच नाही.

आईने चार महिन्यांपूर्वीच बिनपगारी रजा टाकली होती. आकडा खाली येईपर्यंत कामावर जाणार नाही, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. घरातलं पीठ गेलं, जुना तवा गेला, चाळणीसुद्धा गेली. राहिला तो सासूबाईंचा बिस्किटांचा डबा, त्यांच्या खोलीतल्या कपाटात. चहाबरोबर दोन बिस्किटं, एवढीच त्यांची चैन.

घरी येताच आईने तो डबा उघडला. परवा भरलेला डबा अर्धा रिकामा होता.

"मी नाही दिली गं तिला," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याच नातीचं वाईट करीन मी?"

"मग डब्याला काय पाय फुटले?"

नवरा मध्ये पडायला गेला आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन गॅलरीत जाऊन बसला. दुपारपर्यंत ठरलं, सासूबाईंनी धाकट्या मुलाकडे राहायला जायचं, डब्यासकट. त्यांनी निमूटपणे बॅग भरली. आईला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण पोरीच्या जिवापुढे भीड कुणाची ठेवायची?

टॅक्सी गेल्यावर ती मुलीजवळ येऊन बसली. तिचा काडीसारखा हात हातात घेतला.

"आता बघ, आकडा नक्की खाली येणार."

मुलीचा चेहरा उतरला.

"म्हणजे तू परत कामावर जाणार," ती म्हणाली. "आता मी काय खाऊ, म्हणजे तू घरीच राहशील?"