उद्याची बस

महगंजने चुलीवर चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात मागच्या दाराने तिचा भाचा शेहक आत शिरला. दोन वर्षं तो डोंगरात होता, बंदूकवाल्यांबरोबर. आत्याने जवळ घेतलं तर तेवढंही थांबायला तयार नाही.

"आत्या, हम्मलला सांग, उद्या बस नेऊ नको म्हणावं."

बस कंपनीची. मकरानच्या बलुच किनाऱ्यावर चिन्यांनी बंदर बांधायला घेतलं, तेव्हापासून महगंजचा मुलगा हम्मल त्यांच्या इंजिनिअरांची ने-आण करायचा. तो आतल्या खोलीत पडला होता. आवाज ऐकून उठून आला.

"म्हणजे उडवणार तुम्ही. आत्तेभावाची बस."

"म्हणून तर जीव मुठीत धरून आलोय. एवढं बंदर झालं, तुमच्या नळाला पाणी आलं का रे? आपल्याच समुद्रात जायला आपण लष्कराच्या चौकीवर हात जोडायचे."

"पाणी नाही आलं. पगार आला. आईचं औषध आलं."

"भांडायचंय ना? भांड. पण उद्या घरी बसून भांड." आणि आला तसा शेहक निघून गेला.

"ताप आलाय म्हणून कळव," महगंज म्हणाली.

"दुसऱ्या बसवरच्या सब्जललाही तापच आला होता, आई. त्या दिवशी त्याची बस उडाली. तुला आधीच कसं कळलं म्हणत चौकीवाले त्याला घेऊन गेले. त्याची आई अजून फोटो घेऊन रस्त्यावर बसलीय." हम्मल चुलीपाशी पाय पसरून बसला. "गेलो तर हे मारणार, राहिलो तर ते नेणार. चहा तरी दे."

महगंजने पातेलं उचललं. उकळतं पाणी तिने मुलाच्या उजव्या पायावर ओतलं.

किंकाळी सगळ्या गल्लीने ऐकली, आणि ती ऐकायलाच हवी होती. दवाखान्यात पट्टी बांधली. कंपनीचा सुपरवायझर स्वतः येऊन फोड बघून गेला, हळहळलासुद्धा. हम्मल भिंतीकडे तोंड करून पडला. महगंज पोटभर रडली, पण आतून तिला सुटल्यासारखं वाटत होतं. पोर वाचलं होतं.

दिवस मावळताना शेजारची नाझबीबी खजूर घेऊन आली. बलुचांच्या घरी येणाऱ्याने आधी आपला हाल सांगायचा, मग घरच्यांनी आपला. त्यात हातचं काही राखायचं नाही.

"माझा हाल बरा आहे, बाई," नाझबीबी म्हणाली. "हम्मलचं फार वाईट झालं, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, आमचं नशीब उघडलं. उद्यापासून बस माझा पोरगा दिलमुराद नेणार. सहा महिने घरी बसून होता गं. आता कुठे हसला." तिने पदराने डोळे टिपले. "आता तू हाल दे."

महगंजने आत पाहिलं. हम्मलने कूस बदलली होती. तो तिच्याकडेच बघत होता.

"खैर आहे," ती म्हणाली.

"आणखी?" नाझबीबीने रीतीप्रमाणे विचारलं.

"आणखी काही नाही."